किती जवळ बसायचं?

बंगळुरूत शाळा उघडायचे दिवस जवळ आले, की मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिला पालकांचा. ‘शाळा घ्यायला तयार आहे हो, पण शॅडो टीचर तुमची तुम्ही आणा म्हणतात. तुमच्या माहितीत कुणी आहे का?’ दुसरा फोन नोकरी शोधणाऱ्या मुलींचा. ‘मॅडम, शॅडोचं काम करायचंय. कुठला कोर्स करू?’ पहिल्या फोनला माझ्याकडे अधूनमधून उत्तर असतं. दुसऱ्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण हे काम करायला अमुक एक कोर्स लागतो असं आपल्याकडे कुणी ठरवलेलंच नाही.

शॅडो टीचर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात गरज पडली नाही त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. ऑटिझम, डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी किंवा अतिचंचलता असलेलं मूल नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या वर्गात शिकायला बसतं, तेव्हा त्याच्या मदतीला दिवसभर एक मोठं माणूस असतं. ते हे. सरजापूर रोड, व्हाइटफिल्ड, जयनगर, कुठल्याही भागातल्या खासगी शाळेत गेलात तर एखाद्या वर्गात मुलांच्या बाकाशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यावर एक तरुण मुलगी दिसते. वर्गातली मुलं तिला मिस म्हणतात, शिपाई अक्का म्हणतात, वर्गशिक्षिका बऱ्याचदा काहीच म्हणत नाही. मी विशेष शिक्षणाची पदवी पुण्यात घेतली आणि लग्नानंतर इथे आले. मुलांना शिकवणं हे माझं काम आहेच, पण गेली काही वर्षं या खुर्चीवरच्या मुली शोधणं, त्यांना तयार करणं आणि त्यांच्या कामावर लक्ष ठेवणं यातच माझा निम्मा वेळ जातो.

कोर्सचा घोळ आधी सांगून टाकते. अपंगांसाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांची नोंद भारतीय पुनर्वास परिषद ठेवते. १९९२ च्या कायद्याने ती वैधानिक झाली. परिषदेच्या यादीत व्यावसायिकांचे सोळा प्रकार आहेत: विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, कृत्रिम अवयव बसवणारे, श्रवणयंत्राचे तंत्रज्ञ, पार कार्यशाळेचे व्यवस्थापकसुद्धा. वर्गातल्या मदतनीसाचा प्रकार त्यात नाही. विशेष शिक्षक व्हायचं तर बारावीनंतर दोन वर्षांची पदविका किंवा पदवीनंतर विशेष बी.एड., आणि मग केंद्रीय नोंदवहीत नाव. नोंद नसताना व्यवसाय केला तर याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची आणि हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे आठवड्यातून दोन तास मुलाला शिकवणाऱ्या माझ्यासारखीला नोंदणी क्रमांक हवा, आणि त्याच मुलाबरोबर रोज सहा तास बसणारीला काहीच नको.

दुसऱ्या टोकाला काळजीवाहकांची प्रशिक्षणं आहेत. राष्ट्रीय न्यासाची ‘सहयोगी’ नावाची योजना आहे, ती मुख्यतः घरी किंवा संस्थेत सांभाळ करणाऱ्यांसाठी. मे २०२१ मध्ये पुनर्वास परिषदेने मेलबर्न विद्यापीठाच्या साथीने सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला. तो पूर्ण करणाऱ्याला ‘दिव्यांग मित्र’ म्हणायचं ठरलं. अभ्यासक्रम चांगला आहे, पण त्याचा रोख वस्तीपातळीवरच्या कामावर आहे. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांच्या जोडीने गावात फिरणारं माणूस त्यातून घडावं, ही त्यामागची कल्पना. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीच्या गणिताच्या तासाला काय करायचं, हे त्याच्या कक्षेबाहेरचं.

मधली जागा बाजाराने भरून काढली. शनिवार-रविवारचे ऑनलाइन वर्ग, शेवटी रंगीत प्रमाणपत्र. थेरपी सेंटरवाले बरीच वर्षं अमेरिकेतल्या वर्तन-तंत्रज्ञाच्या चाळीस तासांच्या प्रशिक्षणाचा दाखला मागत. ते प्रमाणपत्र देणाऱ्या तिथल्या मंडळाने २०२३ पासून भारतातले नवे अर्ज घेणं थांबवलं, तेव्हा इथल्या कित्येक मुलींची पंचाईत झाली. ते चाळीस तास वाया जात नाहीत, एवढं मी म्हणेन. नोंदी कशा ठेवाव्यात, एखाद्या वागण्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय मिळालं हे कसं टिपावं, हे त्यात नीट शिकवतात. पण ते थेरपीच्या खोलीचं शिक्षण आहे. तिथे एक मूल, एक टेबल आणि शांतता असते. वर्गात पस्तीस मुलं असतात, आणि पंखा खडखडत असतो.

या कामाला येतं कोण? एक गट मानसशास्त्रात बी.ए. झालेल्या मुलींचा. हुशार, वाचलेल्या. एम.एस्सी.ला प्रवेश मिळेपर्यंत वर्षभर ‘अनुभव’ हवा म्हणून येतात, आणि मूल सरावलं की जातात. दुसरा गट हासन, दावणगेरे, चिक्कबळ्ळापूर अशा भागांतून आलेल्या पीयूसी, म्हणजे बारावी, झालेल्या मुलींचा. पीजीत राहतात, दोन बस बदलून येतात, इंग्रजीला बिचकतात, पण टिकतात. तिसरा गट ज्यांच्या स्वतःच्या घरात असं मूल आहे अशा आयांचा. या बायकांना काही समजावून सांगावं लागत नाही. फक्त समोरचं मूल आपलं नाही, हे त्यांना रोज नव्याने आठवावं लागतं. पुरुष जवळजवळ नाहीतच, आणि त्याची किंमत मुलगे मोजतात. ती कशी, ते पुढे येईल.

चौथा गट मला सगळ्यांत जवळचा वाटतो, आणि कुठलीही पात्रता ठरवली तर तो पहिल्या फटक्यात बाद होईल. विशेष शाळांमधल्या आया. या शहरात ही परंपरा जुनी आहे. असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी १९५९ मधली, स्पास्टिक्स सोसायटी ऑफ कर्नाटक १९८२ मधली. मुंबईत जय वकील शाळा १९४४ मध्ये निघाली आणि मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी १९७२ मध्ये सुरू केली. अशा शाळांमधून फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेल्या बायकांच्या हातात जे ज्ञान आहे, ते कुठल्या पुस्तकात इतकं नेमकं मला मिळालं नाही.

इथल्या एका विशेष शाळेत अशाच एका बाईंना मी सेरेब्रल पाल्सीच्या मुलीला खुर्चीत बसवताना पाहिलं होतं. मुलीचं अंग ताठ झालेलं, पाठ कमानीसारखी मागे. मी असते तर खांदे धरून खाली दाबले असते, आणि ते अंग आणखी ताठ झालं असतं. बाईंनी खांद्यांना हातच लावला नाही. मुलीच्या मागे उभं राहून दोन्ही हात मांड्यांखाली घातले, गुडघे छातीकडे जरासे वर घेतले, तशी कंबर आपोआप दुमडली. मग नितंब खुर्चीच्या पाठीला पार टेकवले, आधी मांड्यांवरचा पट्टा बांधला, मग पावलं फळीवर ठेवली. डोक्याकडे त्या सर्वांत शेवटी वळल्या, आणि तोवर डोकं आपसूक सरळ झालं होतं. पुढे भरवताना त्या मुलीच्या समोर, तिच्या डोळ्यांच्या पातळीच्या थोडं खाली बसल्या आणि चमचा खालून वर नेला. वरून नेला तर मूल मान मागे टाकतं आणि घास श्वासनलिकेकडे जायचा धोका वाढतो. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाल्या, ‘पहिल्या मॅडमनी दाखवलं, मग हाताला कळत गेलं.’ त्या चौथी शिकलेल्या होत्या.

म्हणून ‘मदतनीस किमान पदवीधर असावी’ असं कुणी बैठकीत म्हटलं, की मी चटकन मान डोलावत नाही.

तरी काही गोष्टी पहिल्या दिवसाआधीच यायला हव्यात, आणि त्यात मी तडजोड करत नाही. फिट आली तर काय करायचं, ही पहिली. ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलांमध्ये अपस्माराचं प्रमाण इतर मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, तेव्हा हा प्रसंग आज ना उद्या येणारच असं धरून चालावं. आपल्याकडे फिट आली की कुणी कांदा शोधतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालतं. मी मुलींना आधी घड्याळ बघायला लावते. किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवायचं, आजूबाजूची बाकं सरकवायची, मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली दप्तर किंवा ओढणी, तोंडात काहीही नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या आत थांबली नाही तर अॅम्ब्युलन्स, मग मुख्याध्यापकांची परवानगी असो नसो. जमिनीवर प्रत्यक्ष झोपून, एकमेकींना वळवून हे करून घ्यावं लागतं, ऐकून येत नाही.

दुसरी गोष्ट बाथरूमची. कपडे कोण बदलणार, दार किती उघडं ठेवणार, मुलाला आधी सांगून मग हात लावणार की कसं, दहा वर्षांच्या मुलग्याला मुलींच्या बाथरूममध्ये नेणार का. शाळेत हा प्रश्न काढला की सगळे खाली बघतात. २०१२ मध्ये पॉक्सो कायदा आला, पुढे शाळांतल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी होऊ लागली, ते योग्यच झालं. पण पडताळणीने माणूस कोण ते कळतं, काय करायचं ते कळत नाही. मायकेल जियांग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शाळांमधल्या मदतनीसांवर १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मदतनीस बाई असली की मुलग्यालाही बायकांच्या बाथरूममध्ये नेलं जातं, आणि मुलाच्या मुलगा असण्याकडेच काणाडोळा होतो, ही नोंद त्यांनी तेव्हाच केली होती. पुरुष मदतनीस नसण्याची किंमत मी म्हणाले, ती ही.

त्याच अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष मात्र बसण्याच्या अंतराबद्दल होता. मदतनीस मुलाला सतत चिकटून असली की वर्गशिक्षिका त्या मुलाची जबाबदारी मनातून सोडून देते, वर्गातली मुलं त्याच्याकडे फिरकत नाहीत, आणि मूल प्रत्येक हालचालीसाठी मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघू लागतं. पुढे इंग्लंड आणि वेल्समध्ये पीटर ब्लॅचफर्ड यांच्या गटाने काही वर्षं चाललेला मोठा अभ्यास केला, त्याचा अहवाल २००९ मध्ये आला. ज्या मुलांना मदतनीसांचा आधार जास्त मिळाला, त्यांची प्रगती तशाच, पण कमी आधार मिळालेल्या मुलांपेक्षा कमी झाली होती. हे ऐकून तिकडे बराच गदारोळ झाला. संशोधकांनी दोष मदतनीसांच्या माथी मारला नाही. त्यांना तयारीला वेळ मिळत नाही, शिक्षकाशी आधी बोलणं होत नाही, आणि मुलाला समजण्यापेक्षा काम पूर्ण होण्याकडे लक्ष राहतं, हे त्यांनी दाखवलं. अमेरिकेने त्याआधीच, २००२ च्या शालेय कायद्यात, गरीब वस्त्यांतल्या शाळांसाठीच्या केंद्रीय निधीतून काम करणाऱ्या अध्यापन-मदतनीसांना अट घातली होती: दोन वर्षं महाविद्यालय, सहयोगी पदवी किंवा वाचन-लेखन-गणिताची परीक्षा. ती अट वाचली तेव्हा मला वाटलं, त्या चौथी पास बाई यात बसल्या नसत्या, आणि परीक्षा पास झालेली प्रत्येक बाई किती जवळ बसायचं हे जाणत असेल असंही नाही.

हे अंतर शिकवायचं कसं? माझ्याकडे आलेल्या हासनच्या एका मुलीचं उदाहरण सांगते. तिसरीतला ऑटिझमचा मुलगा, बोलणं दोन-तीन शब्दांचं. मधल्या सुट्टीत त्याचा डबा उघडायला लागायचा. चार बाजूंना कड्या असलेला, घट्ट झाकणाचा डबा. तो डबा पुढे सरकवायचा, ही उघडायची. महिनोन्‌महिने असंच चाललेलं. मी तिला म्हटलं, उद्या तीन कड्या तू काढ, चौथी अर्धी सैल करून ठेव, आणि हात मांडीवर घेऊन मनात दहा अंक मोज. दुसऱ्या दिवशी मी दारातून बघत होते. त्याने डबा सरकवला, हिने तीन कड्या काढल्या आणि थांबली. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, तिचं मनगट धरून डब्याकडे ओढलं. ती हलली नाही. तिचे ओठ हलताना दिसत होते, मोजत होती. सातावर की आठावर त्याने अंगठा कडीखाली घातला. कडी निघाली, झाकण मात्र निघेना. आता हिचा हात उचलला जाणार असं मला वाटलं. पण पुढच्या बाकावरच्या मुलीने मागे वळून झाकण धरलं, याने डबा धरला, आणि दोघांनी ओढलं. पोह्यांचे चार दाणे बाकावर सांडले.

त्या मुलीने त्याच्या डब्याला याआधी कधी हात लावला नव्हता. का लावेल? शेजारी मिस बसलेली असताना कुणाला वाटेल की या मुलाला आपली गरज आहे?

आपल्या नाटकांत विंगेत प्रॉम्प्टर बसायचा. नट गप्प झाला की त्याने लगेच वाक्य पुरवायचं नसे. हा नटाने घेतलेला विराम आहे की खरंच वाक्य विसरलंय, हे त्याला ओळखावं लागे. शॅडोचं निम्मं कौशल्य तेच आहे. तांत्रिक भाषेत मदतीच्या पायऱ्या असतात: हात धरून करून घेणं, कोपराला नुसता स्पर्श, खूण, करून दाखवणं, तोंडी सांगणं. नवख्या मुलींना वाटतं तोंडी सांगणं सर्वांत सौम्य. मला उलट अनुभव आहे. हात काढून घेता येतो, बोलणं थांबवता येत नाही. ‘लिही, लिही, पुढे लिही’ ही टकळी एकदा लागली की मूल त्या आवाजाशिवाय पेन्सिल उचलत नाही. म्हणून माझ्या मुलींना पहिले काही दिवस मी वर्गात बोलायलाच मनाई करते, आणि खुर्ची बाकाला लावून न ठेवता एक ओळ मागे, तिरकी ठेवायला लावते. तिथून मुलाचे हात दिसतात, पण मुलाला ही दिसत नाही.

इथवर शिकवता येतं. अडतं त्याच्या पुढे, आणि तिथे कुठलाच कोर्स कामाला येत नाही.

तिचा पगार पालक देतात. शाळेची फी भरून, थेरपीचे पैसे भरून, वर हा पगार. मुलगी शाळेच्या पटावर नसते, तिला शाळेचं ओळखपत्र मिळालं तरी त्यावर ‘अभ्यागत’ लिहिलेलं असतं, शिक्षकांच्या खोलीत तिला जागा नसते. संध्याकाळी आईचा निरोप येतो, ‘आज काय केलं? फोटो पाठव.’ आईचंही चूक नाही. मूल घरी येऊन काही सांगणार नाही, तिला दिवसाचा हिशेब दुसऱ्या कुणाकडून मिळणार? पण फोटोत काय दिसतं? भरलेली वही. मूल दहा मिनिटं थांबलं आणि शेवटी एक अक्षर स्वतः लिहिलं, हे फोटोत दिसत नाही. मग वह्या भरतात. अशा वह्या मी दुरूनच ओळखते. अक्षर मुलाचं, पण रेघेवर दाब एकसारखा, ओळ कुठे घसरलेली नाही. हातावर हात ठेवून लिहून घेतलेलं असतं.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे, जी मुलगी आपलं काम खरंच चांगलं करते, ती एक दिवस नकोशी होते. मूल स्वतः बसतं, स्वतः वही काढतं, मित्र करतं, आणि पालक म्हणतात, ‘आता पुढच्या टर्मपासून नको.’ जिचं मूल अजून तिच्यावाचून हलत नाही, तिची नोकरी पक्की. बाजूला होणं हीच ज्या कामाची कसोटी आहे, त्या कामात बाजूला होणारीचं घरभाडं थकतं. मी त्या मुलींना नैतिकतेच्या गोष्टी सांगू शकत नाही. पीजीचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला भरायचे असतात.

कायदा या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी आणि वैयक्तिक आधार द्यावा, असं त्याचं सोळावं कलम म्हणतं. सर्वसमावेशक शिक्षणासाठी लागणाऱ्या व्यावसायिकांना आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सतराव्या कलमात सरकारवर टाकली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांच्या प्रमाणाचा प्रश्न हाती घेतला, आणि पुढच्या वर्षी केंद्राने प्राथमिकला दहा मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक असं प्रमाण अधिसूचित केलं. हे सगळं विशेष शिक्षकाबद्दल. मदतनीस तिथेही अंधारात. ‘वैयक्तिक आधार’ म्हणजे पालकांनी आणलेलं माणूस, असा सोयीचा अर्थ खासगी शाळांनी लावून घेतला, आणि पालक भांडत नाहीत, कारण प्रवेश मिळाला हेच त्यांना खूप वाटतं. सरकारी शाळांत परिस्थिती आणखी निराळी. तिथे समग्र शिक्षा अभियानातला तालुक्याचा साधन शिक्षक कितीतरी शाळा एकटा सांभाळतो. रोज वर्गात बसणारं माणूस तिथे बहुधा मुलाची आई असते, आणि कुणी तिच्या पात्रतेची चौकशी करत नाही.

भाषेचा गुंता या शहराचा खास. मूल घरी मराठी, शाळा इंग्रजी, शॅडो कन्नड किंवा तेलुगू. पूर्वी तज्ज्ञ सरसकट सांगायचे, अशा मुलाशी एकच भाषा बोला, म्हणजे इंग्रजी. कित्येक मराठी घरांत आजी-आजोबांनी त्यापायी नातवाशी बोलणं थांबवलं. दोन भाषांमुळे ऑटिझमच्या मुलांचं नुकसान होत नाही हे संशोधनातून आता पुरेसं दिसलं आहे, पण जुना सल्ला चिवट असतो. त्या डब्यावाल्या मुलाने पुरे या अर्थाने तोंडातून काढलेला शब्द ‘साकु’ होता, हासनच्या मुलीचा. आई आधी खट्टू झाली. मग घरीही जेवताना ‘साकु’ चालू झालं आणि पोळ्या उगाच ताटात पडायच्या थांबल्या. मदतनीसांच्या प्रशिक्षणात मुलाच्या घरच्या भाषेतले वीस-पंचवीस शब्द पाठ करायचा एक तास असावा असं मला वाटतं: पाणी, दुखतंय, शी, नको, घरी. अर्धा तास पुरेल खरं तर.

पात्रता कशी असावी असं मला कुणी विचारलं तर दहावीच्या वर काहीही अट घालू नये असं मी म्हणेन, आणि विशेष शाळांतल्या अनुभवी आयांना तीही माफ करावी. त्याऐवजी तीन-चार महिन्यांचं, निम्म्याहून जास्त वेळ प्रत्यक्ष वर्गात चालणारं शिक्षण असावं. परीक्षा लेखी नको. कुणीतरी मागे बसून पाहावं. नोंदवहीत नाव यावं, म्हणजे एका शाळेतून दुसरीकडे जाताना पालकांच्या शिफारशीवर अवलंबून राहावं लागणार नाही. आणि तिच्या हाताखाली किंवा वर कोण आहे हे लिहिलेलं असावं. आज तिला तीन मालक आहेत, पालक, वर्गशिक्षिका आणि माझ्यासारखी बाहेरची बाई, आणि तिघांचे हुकूम एकमेकांना छेदतात. एक सुटसुटीत गोष्ट तर आजही करता येईल: आठवड्यातून एकदा वर्गशिक्षिकेने तिला पंधरा मिनिटं देऊन पुढच्या आठवड्यात काय शिकवणार ते सांगावं. बहुतेक शाळांत ही पंधरा मिनिटं सापडत नाहीत.

गेल्या वर्षी मी ज्या शाळेत जाते तिथल्या काही पालकांनी एक निराळा प्रयोग करून पाहिला. पाच मुलांच्या घरच्यांनी पैसे एकत्र करून शाळेला दिले, आणि शाळेने तीन मुली आपल्या पटावर घेतल्या. त्या कुण्या एका मुलाच्या नाहीत, वर्गांच्या आहेत. ज्या तासाला जिथे गरज, तिथे जातात. मुख्याध्यापिका सुरुवातीला कचरत होत्या, कर्मचारी वाढले की कागद वाढतात म्हणून. दोन पालक अजूनही नाराज आहेत. ‘पैसे आम्ही देतो आणि ती दुसऱ्याच्या मुलाशेजारी दिसते’, ही त्यांची तक्रार मी समजू शकते. पण हासनच्या मुलीला त्या डब्यावाल्या मुलापासून दूर व्हायला आता भीती वाटत नाही. सकाळचे दोन तास ती त्याच्या वर्गात फिरकतही नाही, आणि पगार तोच राहतो. संध्याकाळचे फोटोही बंद झाले. त्याऐवजी शुक्रवारी एक कागद घरी जातो, त्यात या आठवड्यात कुठली मदत काढून घेतली एवढंच लिहिलेलं असतं.

एप्रिल-मेच्या सुट्टीचा पगार कुणी द्यायचा, हे मात्र करारात लिहायचं राहून गेलं होतं. पालक म्हणाले, आता त्या शाळेच्या कर्मचारी आहेत. शाळा म्हणाली, पैसे दहा महिन्यांचेच आले. शेवटी एक महिना शाळेने दिला, एक पालकांनी वाटून घेतला, आणि तोवर तिघींपैकी एक जण मॉलमधल्या मुलांच्या खेळघरात कामाला लागली होती. तिथे बारा महिने पगार मिळतो. यंदाचा करार बारा महिन्यांचा करायचा म्हणून मी मसुदा दिला आहे. पालकांची वर्गणी त्याने वाढते, आणि पाचांपैकी तिघांचा होकार आला आहे.